सांडपाण्यातले जड धातू कसे काढायचे: ईटीपीवर नव्याने रुजू झालेल्यांसाठी

लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव, तळोजा, तारापूर. कोकणातल्या कुठल्याही एमआयडीसीत बी.एस्सी. केमिस्ट्री किंवा आयटीआय करून लागलेल्या मुलामुलींपैकी बऱ्याच जणांची पहिली ड्युटी ईटीपीवर, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर, पडते. प्रॉडक्शनला निदान शिकवायला कोणीतरी असतं. ईटीपीवर मात्र "चुना टाक, पीएच नऊ कर, बसू दे आणि सोड" एवढ्यावर भागवलं जातं. पाण्यात धातू असतील तर एवढ्याने भागत नाही. का भागत नाही आणि मग नेमकं काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. सांडपाण्यातला सेंद्रिय भाग जिवाणू खातात आणि तो संपतो. धातू संपत नाही. कारखान्यात जेवढं क्रोमियम, निकेल, तांबं, जस्त आलं तेवढं कुठेतरी असणारच: मालावर, पाण्यात किंवा गाळात. आपलं काम म्हणजे ते पाण्यातून उचलून गाळात आणायचं आणि तो गाळ योग्य जागी पोचवायचा. म्हणून बोअरचं पाणी मिसळून आकडा खाली आणणं ही शुद्धीकरणाची पद्धत नव्हे. रिपोर्टात मिलिग्रॅम कमी दिसतात, खाडीत जाणारे ग्रॅम तेवढेच राहतात.

"ओहोटीला सोडलं की समुद्रात निघून जातं" हेही तुम्हाला कोणीतरी सांगेल. तसं होत नाही. वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका या नद्यांच्या खाड्यांत गोडं पाणी खाऱ्याला मिळतं तिथे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाच्या चिखलात बसतात आणि त्यांना धरून बसलेले धातूही तिथेच राहतात. पुढची भरती तोच चिखल वर ढवळते. तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळूनच पोट भरतात, त्यामुळे कॅडमियम, तांबं, जस्त त्यांच्या अंगात साठत जातं. ओहोटीला चिखलात बसून तिसऱ्या काढणाऱ्या बायका त्या विकतात आणि घरी रांधतातही.

पायरी पहिली: धातू नेमका कुठून येतो ते चालत जाऊन बघा

ऑफिसातल्या ड्रॉइंगवर विसंबू नका. गमबूट घाला आणि प्रत्येक गटार उगमापासून ईटीपीपर्यंत चालत जा. प्लेटिंगच्या युनिटमध्ये उगम सरळ दिसतो: बाथमधून (मुलामा देण्याच्या द्रावणातून) निघालेला जॉब, म्हणजे मुलामा दिलेला भाग, धुण्याचं रिन्स पाणी आणि अधूनमधून बदललेला बाथ. स्टेनलेस स्टीलच्या पिकलिंगमध्ये (आम्लाने पृष्ठभाग साफ करण्यात) आम्लाबरोबर लोखंड, क्रोमियम आणि निकेल येतं. आपल्या पट्ट्यात मात्र रासायनिक कारखाने जास्त आणि तिथे धातू लपून येतो. हायड्रोजनेशननंतर गाळलेल्या रॅनी निकेलचे धुण, झिंक डस्टने केलेलं रिडक्शन, क्रोमिक आम्लाचं ऑक्सिडेशन, निळ्या पिगमेंटमधलं तांबं, मेटल कॉम्प्लेक्स डाय. कच्च्या मालाची यादी मागून घ्या आणि धातूचं नाव दिसेल तिथे खूण करा. यादीत काही लपवलंय असं वाटलं तर स्टोअरच्या माणसाशी बोला, त्याला सगळं ठाऊक असतं.

पायरी दुसरी: प्रवाह वेगळे ठेवा

माझ्या मते निम्मं काम इथे होतं, आणि बहुतेक ईटीपी इथेच फसतात. सगळं पाणी एका कलेक्शन टँकमध्ये आलं की पुढे कितीही महागडी केमिकलं ओता, निकाल डळमळीतच येणार.

किमान चार लाइनी वेगळ्या हव्यात: हेक्झा क्रोमचं (सहा संयुजेच्या क्रोमियमचं) पाणी, सायनाइडचं पाणी, अमोनिया किंवा ईडीटीएसारखे धातूला धरून ठेवणारे पदार्थ असलेलं पाणी आणि उरलेलं साधं आम्ल-अल्कली पाणी. सायनाइडची लाइन आम्लाच्या लाइनला कुठेही, अगदी फरशीवरच्या नाल्यातसुद्धा भेटता कामा नये. दोन्ही एकत्र आली की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि तो काही मिनिटांत माणूस मारतो. सायनाइडचं पाणी आधी पीएच १०.५ ते ११ वर ठेवून हायपोक्लोराइटने मोडायचं, मग पीएच साडेआठच्या आसपास आणून आणखी हायपो देऊन उरलेलं सायनेट मोडायचं, आणि त्यानंतरच ते बाकीच्या पाण्यात जाऊ द्यायचं. हे काम नव्या माणसाने एकट्याने करू नये. वरिष्ठ शेजारी उभे असतील तरच व्हॉल्व्हला हात लावा.

वापरलेला घट्ट बाथ रिन्सच्या पाण्यात एकदम सोडू नका. तो ड्रममध्ये वेगळा भरून ठेवा आणि रोज थोडा थोडा द्या. प्लेटिंग असेल तर रॅक बाथवर थोडा वेळ निथळू द्यायला सांगा. निथळलेले थेंब बाथमध्ये परत जातात, तेवढा धातू तुमच्याकडे येतच नाही आणि मालकाचे पैसेही वाचतात. हा मुद्दा प्रॉडक्शनच्या सुपरवायझरसमोर मांडताना पर्यावरणाच्या आधी निकेलचा भाव सांगा, लवकर पटतं.

पायरी तिसरी: हेक्झा क्रोमला आधी तीनवर आणा

क्रोमियमची दोन रूपं आपल्याला भेटतात. सहा संयुजेचं हेक्झा क्रोम पिवळं ते केशरी दिसतं, कर्करोगाला कारण ठरतं आणि पीएच कितीही वाढवला तरी विरघळलेलंच राहतं. तीन संयुजेचं क्रोमियम हिरवट दिसतं आणि अल्कलीत गाळ होऊन खाली बसतं. नुसता चुना टाकून क्रोमचं पाणी सोडणाऱ्यांच्या टाकीत वरचं पाणी नितळ असतं पण पिवळं असतं. तो पिवळेपणा म्हणजेच सुटून चाललेलं हेक्झा क्रोम.

काम असं करा. पाणी वेगळ्या टाकीत घ्या, ढवळणी चालू करा आणि सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ ते २.५ वर आणा. मग सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण हळूहळू द्या. पीएच २ ला ही क्रिया काही मिनिटांत उरकते, ३ ला अर्धा तास लागू शकतो आणि ४ च्या वर इतकी रेंगाळते की संपलीच नाही असं समजा. नवा माणूस आम्ल वाचवायला जातो आणि दुपटीने बायसल्फाइट ओततो. उपयोग होत नाही, आधी पीएच बघा.

किती द्यायचं? हिशेब सोपा आहे. एक ग्रॅम हेक्झा क्रोमला पावणेतीन ग्रॅम मेटाबायसल्फाइट लागतं. समजा टाकीत ५,००० लिटर पाणी आहे आणि क्रोम ८० मिलिग्रॅम प्रति लिटर. म्हणजे एकूण ४०० ग्रॅम क्रोम, त्याला १.१ किलो मेटाबायसल्फाइट. प्रत्यक्षात थोडं जास्त, सव्वा ते दीड किलो लागतं, कारण काही हवेने आणि काही इतर पदार्थांनी खर्च होतं. याऐवजी फेरस सल्फेट वापरलं तर एका ग्रॅमला सोळा ग्रॅम लागतं आणि वर लोखंडाचा ढीगभर गाळ येतो. स्वस्त पडतं म्हणून कोणी सुचवलं तर गाळ उचलायचा खर्चही त्यात मिळवून दाखवा.

ओआरपी मीटर (पाण्याची ऑक्सिडेशन-रिडक्शनची पातळी मिलिव्होल्टमध्ये दाखवणारं) असेल तर क्रिया पुरी होताना वाचन झपकन खाली येतं. बहुतेक ठिकाणी २५० ते ३०० मिलिव्होल्टच्या आसपास थांबायचं असतं, पण आपल्या पाण्याचा आकडा आपणच ठरवायचा. रंग पिवळ्यावरून हिरव्यावर गेला म्हणून लगेच खूश होऊ नका. चाचणी करा: थोड्या नमुन्यात सल्फ्युरिक आम्लाचे थेंब, मग डायफिनाइल कार्बाझाइडचं द्रावण. जांभळट गुलाबी झालं तर हेक्झा क्रोम शिल्लक आहे, टाकी पुढे सोडायची नाही. ही चाचणी मिनिटाभरात होते आणि तिच्याइतकं विश्वासाचं दुसरं काही ईटीपीवर नाही.

आम्लात बायसल्फाइट पडलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो, घसा धरतो. टाकी उघडी, वारा वाहता आणि तुम्ही वारा येतो त्या बाजूला, असं असावं. पावसाळ्यात पावसाची झड आत येते म्हणून शेडला चारी बाजूंनी प्लास्टिक लावतात, तेव्हा तर एक्झॉस्टशिवाय हे काम करूच नका. आणि आम्ल नेहमी पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही.

पायरी चौथी: प्रत्येक धातूचा पीएच वेगळा

आता गाळ बसवायचा. अल्कली दिली की धातूचा हायड्रॉक्साइड होतो आणि तो पाण्यात न विरघळता बाहेर पडतो. पण प्रत्येक धातू सगळ्यात कमी विरघळतो तो पीएच निराळा आहे. तीन संयुजेचं क्रोमियम ७.५ ते ८.५ ला, तांबं ८.५ ते ९ ला, जस्त ९ ते ९.५ ला, निकेल १० ते १०.५ ला, कॅडमियम त्याहून वर. शिवाय क्रोमियम, जस्त आणि शिसं ही मंडळी पीएच जास्त चढला की पुन्हा विरघळतात. "जास्त चुना म्हणजे जास्त सुरक्षित" हा समज म्हणूनच नुकसान करतो.

क्रोम आणि निकेल दोन्ही असतील तर दोन टप्प्यांत काढणं उत्तम: आधी साडेआठला क्रोम बसवा, वरचं पाणी दुसऱ्या टाकीत घ्या आणि १०.२ च्या आसपास निकेल बसवा. टाकी एकच असेल तर ९ च्या आसपास तडजोडीचा आकडा शोधावा लागतो. तो पुस्तकात सापडत नाही, जार टेस्टने सापडतो.

जार टेस्ट म्हणजे सहा बीकर, प्रत्येकात एक लिटर तेच पाणी, आणि पीएच ८, ८.५, ९, ९.५, १०, १०.५. एक मिनिट जोरात ढवळा, त्यात फेरिक क्लोराइड किंवा पॅक (पॉलीअॅल्युमिनियम क्लोराइड) द्या, मग पॉलीइलेक्ट्रोलाइट (बारीक कण एकत्र बांधणारं पॉलिमर, थोडक्यात पॉली) देऊन पंधरा-वीस मिनिटं अगदी संथ ढवळा. अर्धा तास बसू द्या. वरचं पाणी फिल्टर पेपरातून गाळून धातू मोजा. बघत बसण्यासारखी गोष्ट आहे ही: एका बीकरमध्ये फ्लॉक, म्हणजे एकत्र आलेल्या कणांचा पुंजका, साबुदाण्यासारखा टपोरा होऊन सरसर खाली जातो आणि शेजारच्याच बीकरमध्ये धुकं तरंगत राहतं, फरक फक्त अर्ध्या पीएचचा. महिन्यातून एकदा तरी आणि प्रॉडक्ट बदलला की लगेच ही टेस्ट करा.

चुना की कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड)? चुन्याचा गाळ जड, पटकन बसणारा आणि फिल्टर प्रेसला (गाळ दाबून त्यातलं पाणी काढणाऱ्या यंत्राला) चांगला, पण वजन वाढवतो. पाण्यात सल्फेट असेल तर जिप्समचा थर पाइपात धरतो. कॉस्टिकचा गाळ हलका, कमी, पण बसायला आळशी. लहान युनिटला मी चुनाच सुचवेन. मात्र आपल्या दमट हवेत पोतं उघडं राहिलं की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून मरतो आणि तोच पीएच गाठायला दीडपट लागू लागतो. पोती पॅलेटवर, भिंतीपासून लांब, उघडलेलं पोतं आधी संपवायचं.

पॉलीचं द्रावण लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात करा. ढवळत्या पाण्यात पावडर चिमटीचिमटीने भुरभुरवा, नाहीतर गुठळ्या होतात आणि त्या दिवसभर विरघळत नाहीत. तासभर मुरू द्या. पाण्याला लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅम पुरतं. जास्त झालं तर प्रेसचं कापड चिकट होऊन बसतं.

पीएच मीटरवर सगळा डोलारा उभा आहे, म्हणून रोज सकाळी ४, ७ आणि ९.२ च्या बफरने तपासा. प्रोबवर चुन्याचा पांढरा थर आला तर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून धुवा. रिकामा प्रोब डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा.

पायरी पाचवी: धातू बसतच नसेल तर

सगळं नीट केलं तरी तांबं किंवा निकेल उतरत नाही, असं होतं. बहुधा त्याला कोणीतरी धरून ठेवलेलं असतं: अमोनिया, ईडीटीए, सायट्रेट, टार्टरेट. पाण्याला गडद निळा, शाईसारखा रंग असेल तर तांबं आणि अमोनियाची जोडी जमली आहे. तिथे चुना हात टेकतो.

मार्ग तीन. तांबं भरपूर आणि पाणी आम्ल असेल तर लोखंडाच्या किसातून फिरवा. लोखंड विरघळतं आणि तांबं त्यावर लाल थर होऊन बसतं, ते विकताही येतं. दुसरा, सोडियम सल्फाइड: धातूंचे सल्फाइड हायड्रॉक्साइडपेक्षा कितीतरी कमी विरघळतात. पण पीएच ८ च्या खाली गेला तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो आणि मात्रा वाढली की नाक बधिर होऊन वासच कळेनासा होतो, म्हणून गॅस डिटेक्टर नसेल तर हा मार्ग नको. तिसरा, डायथायोकार्बामेट प्रकारची रसायनं. काम चोख करतात, पण जास्त झाली तर माशांना विषारी. खाडीत पाणी जाणार असेल तर मोजूनमापूनच.

पायरी सहावी: बसवणं, गाळणं आणि शेवटचा पीएच

सेटलरमधून वर आलेलं पाणी सँड फिल्टरमधून जाऊ द्या, कारण डोळ्यांना न दिसणारा फ्लॉक धातूच घेऊन चाललेला असतो. पीएच ७-८ वर आणायचा तो फिल्टरनंतर. आधी आम्ल दिलंत तर उरलेला फ्लॉक पुन्हा विरघळतो आणि सगळी मेहनत पाण्यात. निकेलच्या बाबतीत हे हमखास घडतं. आणखी खाली जायचं असेल तर शेवटी चिलेटिंग रेझिनचा (धातू धरून ठेवणाऱ्या मण्यांचा) कॉलम लावतात. त्याच्या रिजनरेशनचं (रेझिन धुऊन पुन्हा ताजं करण्याचं) घट्ट पाणी परत पहिल्या टाकीत यायला हवं.

पायरी सातवी: मोजा आणि लिहा

१९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मर्यादा नदी-नाल्यात सोडण्यासाठी अशा आहेत, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये: हेक्झा क्रोम ०.१, एकूण क्रोमियम २, तांबं ३, निकेल ३, जस्त ५, शिसं ०.१, पारा ०.०१. पण तुमच्यासाठी शेवटचा शब्द कन्सेंटचा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेलं ते पत्र मागून घ्या, स्वतः वाचा आणि आकडे ईटीपीच्या भिंतीवर लावा. पाणी सीईटीपीला (अनेक कारखान्यांच्या सामायिक शुद्धीकरण प्रकल्पाला) जात असलं तरी धातू आपल्याकडेच काढायचा. तिथल्या एअरेशन टँकमधले जिवाणू धातूने मरतात आणि त्याची झळ सगळ्याच कारखान्यांना बसते.

धातूच्या तपासणीचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घेऊन नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणा, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो. हेक्झा क्रोमचा नमुना मात्र आम्ल न घालता, थंड ठेवून त्याच दिवशी तपासा. रोजच्यासाठी निकेलला डायमिथाइल ग्लायॉक्सिम पुरे: अमोनियात लाल रंग आला की निकेल शिल्लक. लॉगबुकात खरं तेच लिहा. बिघडलेली बॅच लाल पेनाने, कारणासकट. पुढच्या शिफ्टच्या मित्राला त्याचाच आधार असतो.

पायरी आठवी: गाळ, आणि आपला पावसाळा

वरच्या उदाहरणातल्या ४०० ग्रॅम क्रोमचा कोरडा हायड्रॉक्साइड सुमारे ८०० ग्रॅम होतो. प्रेसच्या केकमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी, शिवाय चुन्याचा भाग वेगळा. सगळा धातू आता या केकमध्ये आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत असा गाळ ३५.३ या क्रमांकाखाली येतो. तो ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, पोत्यावर लेबल हवं आणि फॉर्म १० (वाहतुकीचं मॅनिफेस्ट) भरूनच तो अधिकृत टीएसडीएफकडे, म्हणजे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राकडे, जायला हवा. रस्त्याच्या भरावात, विटांत किंवा कातळावरच्या खड्ड्यात तो टाकू द्यायचा नाही, सांगणारा कोणीही असो. आपला जांभा चाळणीसारखा सच्छिद्र आहे. वर टाकलेलं पावसाबरोबर खाली उतरतं आणि उतारावरच्या वाडीच्या विहिरीत निघतं. तसं करायला सांगितलं तर तोंडी होकार देऊ नका, लेखी मागा.

कोकणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. त्या काळात उघड्या ड्रायिंग बेडचा उपयोग शून्य. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत साठलेला गाळ उचलून द्या. कलेक्शन टँकवर छप्पर आहे का, पत्र्याचं पाणी टाकीत पडतंय का ते बघा आणि पावळीचं गटार वेगळं काढा. टाकी काठापर्यंत भरू देऊ नका, एका रात्रीच्या मुसळधार पावसाइतकी जागा रिकामी ठेवा. लाइट गेली की ढवळणी आणि डोसिंग बंद पडतं पण उतारावरून पाणी येतच राहतं, तेव्हा इनलेटचा व्हॉल्व्ह हाताने बंद करता आला पाहिजे. गंजून जाम झाला असेल तर आत्ताच तेल द्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडमध्ये पाणी किती चढलं ते जुन्या लोकांना विचारा, तुमच्या आवारातली खूण पाहून घ्या आणि केमिकलची पोती, गाळाची पोती आणि पॅनल त्या खुणेच्या वर असलेल्या ओट्यावर हलवा.